काचेखालचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. सध्या उभा आहे, पण मधली अकरा वर्षे मी आडवा होतो. दरवाजाने आडवे पडून राहावे हे तुम्हाला विचित्र वाटेल, मित्रांनो. पण माझ्या आयुष्यात जे काही मोठे घडले ते मी आडवा असतानाच घडले. उभा होतो तेव्हा माणसे माझ्यातून नुसती ये-जा करायची. आडवा झालो, टेबल झालो, आणि माणसे माझ्याभोवती बसायला लागली. टेबलाला माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांचे हातपाय जास्त कळतात. वरून तळहात आणि कोपर, खालून गुडघे आणि पावले. चेहऱ्याला खोटे हसता येते. गुडघ्यांना ते अजून जमलेले नाही.

मला एका बडबड्या सुताराने घडवले. चार उभ्या फळ्या, मागे तीन आडव्या पट्ट्या, आणि वरून तेलाचा हात. बोलण्याच्या नादात त्याने माझी कडी उलट्या बाजूला बसवली. घरमालकीण म्हणाली, "अहो, ही तर भलतीकडेच." सुतार म्हणाला, "सवय होईल." झालीसुद्धा. त्या घरात आयुष्यभर सगळे डाव्या हाताने दार उघडायचे आणि दुसऱ्यांच्या घरी गेले की पंचाईत व्हायची.

ती घरमालकीण म्हणजे दोन मुलांची आई. थोरला मुलगा दादा आणि धाकटी मुलगी छोटी. त्यांची खरी नावे काय होती ते मी कधी नीट ऐकलेच नाही. छोटी त्याला दादा म्हणायची, म्हणून सगळी गल्ली दादा म्हणायची.

मुले कॉलेजात असताना आई आजारी पडली. आधी चालणे गेले, मग वाचा गेली. तिचा पलंग माझ्या शेजारी सरकवला होता. काही हवे असले की ती बोटातल्या अंगठीने माझ्यावर दोनदा ठोकायची. टकटक. एकदाच वाजले तर चुकून हात लागला असे समजायचे. दोनदा वाजले की हातातले टाकून यायचे, हा त्या घराचा नियम होता. दादा अर्ध्या गालाला साबण असताना यायचा. छोटी तोंडात पेन धरून यायची. एकदा दोघे एकदम धावले आणि दारात एकमेकांवर आपटले, तेव्हा आई हसली होती. आवाज नव्हता तरी ती हसते आहे हे मला पलंगाच्या हलण्यावरून कळले. त्या अंगठीने माझ्या एका फळीवर, खालच्या बाजूला, शेजारी शेजारी दोन खळगे पडले. डाळीचा दाणा मावेल एवढे. ते अजून आहेत.

आईला एक औषध रोज टोचावे लागे. ते थंड ठेवावे लागायचे. एक नर्स ते कापडी पिशवीत, बर्फाच्या खड्यांबरोबर घेऊन यायची. वाट लांब होती आणि उन्हाळा कडक. बर्फ कधी वितळला आणि औषध कधी बिघडले, ते कुणालाच कळले नाही. आठ दिवस आईला नुसते पाणी टोचावे तसे ते टोचले गेले. नवव्या दिवशी सकाळी टकटक झाली नाही. डॉक्टर आले, त्यांनी बाटली हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "औषध वाटेतच गेलं होतं."

त्या दिवशी ती दोन भावंडे माझ्याजवळ जमिनीवर बसून होती. दादा म्हणाला, "छोटे, दुसऱ्या कुणाच्या घरी हे होता कामा नये." छोटीने मान हलवली. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ हे एवढेच आहे.

काही वर्षांनी ते घर पाडायचे ठरले. भावंडांनी भांडीकुंडी वाटून टाकली, पण मला सोडले नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट खोली त्यांनी भाड्याने घेतली. तिथे सुताराचे दोन लोखंडी घोडे मांडले आणि त्यांवर मला आडवे टाकले. अशा रीतीने मी घोड्यावर बसलो, तेही एकदम दोन. टेबल घ्यायला त्यांच्याकडे काही नव्हते, हे खरे कारण. पण छोटी सगळ्यांना सांगायची, "आईचं दार आहे."

त्या खोलीत गारपेटी जन्माला आली. खांद्याला अडकवायची पेटी. आत जाड अस्तर, बर्फाच्या चपट्या पिशव्यांची जागा, आणि झाकणाला चहूबाजूंनी रबराची पट्टी, म्हणजे बाहेरची गरम हवा आत शिरणार नाही. नर्सने सकाळी औषधे भरावीत, दिवसभर घरोघर फिरावे, आणि शेवटच्या घरच्या माणसालाही औषध सकाळसारखेच गार मिळावे.

काम करणारी माणसे चार. दादा आराखडे काढायचा. छोटी गावोगाव नर्सेसना भेटून यायची, त्यामुळे नंतर आलेल्या सगळ्यांची ती ताई झाली. शिवणकाम करणारी मावशी होती. तिचा हात मशीनपेक्षा चोख आणि जीभ हातापेक्षा चोख. चौथे पारेकाका. त्यांचे आडनाव पारे नव्हते. एका प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते, शर्टाच्या खिशात कायम थर्मामीटर असायचा आणि बोलायचे म्हणजे पारा किती चढला तेवढेच बोलायचे. म्हणून मावशीने त्यांचे बारसे केले.

पहिल्याच दिवशी दादाने माझ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "आईचा नियम इथंही. कुणाला काही खटकलं, तर दोनदा टकटक. मग बाकीच्यांनी हातातलं टाकायचं आणि ऐकायचं. मीसुद्धा."

मावशी म्हणाली, "आणि उगाच टकटक केली तर?"

"तर खोली झाडायची."

पहिल्या महिन्यात दादाने स्वतः तीनदा खोली झाडली.

ती वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्याची वर्षे होती. एका दुपारी मावशीने टकटक केली. म्हणाली, "पट्टा खांद्याला कापतो. तुम्ही कागदावर काढता, खांद्यावर घेत नाही." दादाने भरलेली पेटी खांद्यावर टाकली आणि दुकानाचा जिना वीस वेळा चढला-उतरला. परत आला तेव्हा घामाने निथळत होता. कॉलर बाजूला करून त्याने खांद्यावरचा लाल वळ दाखवला आणि म्हणाला, "मावशी, पट्टा बदला."

त्याची एक पद्धत होती. काही ठरवायचे असले की तो आधी सगळ्यांना विचारायचा. "मावशी, तुम्ही सांगा. काका? छोटे, तुझं काय?" आणि सगळ्यात शेवटी स्वतः बोलायचा. इतरांचे बोलणे चालू असताना त्याचा अंगठा आईच्या त्या दोन खळग्यांत फिरत असायचा. कडी होती तिथे मला भोके राहिली होती. छोटीच्या पेन्सिली त्यांतून खाली पडायच्या आणि तिला उचलून देता देता दादाचे डोके पट्टीवर आपटायचे. मला हसता येत नाही याचे तेव्हा वाईट वाटायचे.

पारेकाकांची परीक्षा तर बघण्यासारखी होती. ते पेटीचे झाकण चाळीस वेळा उघडायचे आणि मिटायचे. म्हणायचे, "नर्सबाई वीस घरी जाणार. काढायला एकदा, ठेवायला एकदा. झाले चाळीस." मग झाकणाच्या फटीत कागदाची चिठ्ठी सरकवायचे. चिठ्ठी अडकली तर पेटी पास. चिठ्ठी आत गेली तर पेटी नापास. "चिठ्ठी जाते तिथून ऊनही जातं," एवढेच त्यांचे भाषण. मावशीने रबराची पट्टी दुहेरी टीप घालून शिवली तेव्हा कुठे चिठ्ठी अडकली. त्या दिवशी काकांनी थर्मामीटर खिशातून काढून माझ्यावर ठेवला आणि पहिल्यांदा हसले.

गारपेटी चालली. नर्सेसनी एकमेकींना सांगितले. चाराचे नऊ झाले, नवाचे वीस. मग एक दिवस मोठे पाहुणे आले. उद्योगात पैसा घालणारे ते लोक होते. आमच्या खोलीला ते 'स्टार्टअप' म्हणाले तेव्हा मावशीला वाटले की ते सायकलच्या दुकानात जायचे ते चुकून वर आले. पाहुणे माझ्याभोवती बसले. बोलणे रंगात आले होते. तेवढ्यात टकटक झाली, कुणीतरी दादाचे म्हणणे खोडून काढले, आणि दादाने ते मान्य केले. पाहुण्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि हसत विचारले, "यातले साहेब कोण?"

मावशी म्हणाली, "आज मी. उद्या काका. पाळ्या लावल्यात आम्ही."

सगळे हसले. दादाही हसला. पण मित्रांनो, मी खालून पाहत होतो. त्याच्या हाताने माझी मागची पट्टी गच्च धरली होती. पाहुण्यांचा प्रश्न त्याला लागला होता आणि ते त्या खोलीत फक्त मला कळले.

पुढच्याच महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. एक मोठी मागणी आली होती. काकांनी टकटक केली, बिजागरीत खोट निघाली, ती सुधारण्यात तीन आठवडे गेले. तोवर ती मागणी दुसरीकडे गेली. काकांची टकटक बरोबर होती. पण दादाने त्या दिवशी खळग्यांतून अंगठा काढून घेतला.

मी त्याला पुरता दोष देत नाही. माणसे चार असताना टकटक शोभते. चाळीस झाली तेव्हा तासाला पाच टकटकी व्हायला लागल्या. एक पंख्याच्या आवाजाबद्दल, एक खुर्चीबद्दल, एक नुसतीच. घोड्याला लगाम हवा हे मलाही कळते, मी घोड्यांवर अकरा वर्षे काढली आहेत. टकटकीला काही शिस्त लावायला हवी होती. दादाने ती बंदच करून टाकली. नव्या मोठ्या इमारतीत जाताना त्याने सांगितले, "यापुढे ज्याला काही सांगायचंय त्यानं वेळ घेऊन यायचं."

त्या इमारतीत मला कामाला ठेवले नाही. प्रवेशाच्या दालनात, सोफ्यांच्या मधे मला त्याच घोड्यांवर मांडले. अंगाला पॉलिश केले, वर जाड काच बसवली. काच घसरू नये म्हणून चार कोपऱ्यांत रबराच्या चकत्या होत्या, त्यामुळे माझ्यात आणि काचेत कागद जाईल एवढी फट राहिली. काचेवर एका कोपऱ्यात पितळी पाटी लावली, 'इथून सुरुवात झाली'. येणारे-जाणारे वाकून बघायचे, फोटो काढायचे. खोटे कशाला बोलू, मला ते आवडले. चहाचे डाग नाहीत, पेन्सिलीचे ओरखडे नाहीत, दिवसभर अंगावर उजेड. मी मनात म्हणालो, दरवाजा असावा तर असा. ती माझी चूक होती. माझ्यावर कुणाचा हात पडत नाही हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

दादाचा 'सर' झाला. वरच्या मजल्यावर त्याच्या खोलीला काचेचे दार होते, आणि ते आतून बंद असायचे. माझ्या शेजारी सोफ्यावर बसून एकदा छोटी मावशीला म्हणाली, "हल्ली बैठकीत तो आधी बोलतो."

"मग?"

"मग काय? तो बोलल्यावर बाकीच्यांचं सगळं एकच असतं. बरोबर आहे, सर."

मावशी म्हणाली, "दादा गेला, ताई. दादागिरी तेवढी ठेवून गेला."

छोटी हसली नाही. तिचे गुडघे एकमेकांना घट्ट चिकटले होते.

मग एका आरोग्य संस्थेची मागणी आली. आजवरच्या सगळ्या मागण्यांहून मोठी. उन्हाळा तोंडावर होता आणि पेट्या त्याआधी हव्या होत्या. दुहेरी टिपेला वेळ लागतो, म्हणून दादाने ठरवले की रबराची पट्टी शिवायची नाही, चिकटवायची. कुणाला विचारले नाही. मावशीला शिवणावरून उठवून पेट्यांवर नावाची लेबले लावायला बसवले. नव्या पेट्या झाकण लावून थंड खोलीत ठेवल्या आणि दोन दिवस पारा हलला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झाकण चाळीस वेळा कुणी उघडले नाही.

पारेकाकांनी उघडले. आपल्या घरी नेऊन उघडले. तिसाव्या खेपेला चिठ्ठी आत गेली.

ते पेटी घेऊन आले, तर दारावरच्या मुलीने नम्रपणे विचारले, "वेळ घेतली आहे का?" काकांनी घेतली नव्हती. तीन दिवस ते सकाळी यायचे आणि माझ्यासमोर सोफ्यावर बसून राहायचे. मांडीवर पेटी, पायांत धुळीचे जोडे. तिसऱ्या दिवशी दुपारी दादा पाहुण्यांना घेऊन जिन्याने खाली उतरला. काका उठले. त्यांनी पेटी माझ्यावर ठेवली आणि बोटाच्या पेराने दोनदा ठोकले.

काचेवर टकटक होत नाही, मित्रांनो. टणटण होते. पण दादाने ओळखले. त्याचे पुढे पडणारे पाऊल अधांतरी थांबले, मी पाहिले. एवढ्या वर्षांची सवय होती. त्याने वळून काकांकडे पाहिले, मग पाहुण्यांकडे पाहिले. आणि म्हणाला, "काका, काच जपा."

एवढे बोलून तो पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला गेला.

छोटी जिन्यातच होती. पाहुण्यांची गाडी गेल्यावर ती त्याच्या वाटेत उभी राहिली.

"दादा, काकांनी टकटक केली."

"पाहुणे होते, छोटे."

"आईच्या वेळी पाहुणे असते तर?"

"आईला मधे आणू नकोस. पेट्या परवा निघायच्यात. थांबवल्या तर ही मागणीही जाईल, मग तुम्हीच म्हणाल की सरांना निर्णय घेता येत नाही."

काका हळू आवाजात म्हणाले, "साहेब, नुसतं झाकण उघडून बघा. तीस वेळा." काकांनी त्याला पहिल्यांदाच साहेब म्हटले होते. मला वाटले, आता तरी त्याला काही बोचेल.

"काका, तपासणी झाली आहे. प्रत्येकाच्या शंकेसाठी थांबलो तर एकही पेटी बाहेर पडणार नाही."

छोटी म्हणाली, "दादा, तू एकदा खांद्यावर घेऊन जिना चढला होतास."

"तेव्हा मी दादा होतो. इथे मी दादा नाही."

"ते दिसतंय," छोटी म्हणाली. तिने गळ्यातले ओळखपत्र काढले, काचेवर ठेवले आणि बाहेर पडली. तिची पावले मला पायऱ्यांपर्यंत ऐकू आली. ती थांबतील असे वाटले होते.

मग काकांनी खिशातून चिठ्ठी काढली, तिच्यावर काहीतरी लिहिले आणि माझ्या आणि काचेच्या फटीत अर्धी खोचून ठेवली, दादाच्या नजरेला पडेल अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी काच पुसणाऱ्याच्या फडक्याने ती आत, पितळी पाटीखाली सरकली, कुणाला दिसणार नाही अशी. माझ्या अंगाला चिकटून राहिली. त्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते मला पाठ होते, आणि सांगायला तोंड नव्हते. दरवाजा असल्याचे दुःख मला त्या दिवसांत जेवढे झाले तेवढे कधी झाले नाही.

पेट्या ठरल्या दिवशी निघाल्या. उन्हाळा आला.

एका दुपारी एक नर्स आली. चेहरा उन्हाने काळवंडलेला, खांद्यावर गारपेटी. तिलाही वेळ घेतली आहे का विचारले. ती म्हणाली, "मी वर जायला आलेच नाही. इथंच सांगते." तिने पेटी काचेवर ठेवली. आवाज चढला तसे लोक जमले आणि दादा खाली आला.

"माझ्या शेवटच्या घरी एक आजी होत्या," नर्स म्हणाली. "रोज टोचायचं औषध. तुमची पेटी आल्यापासून मी त्यांना सांगायचे, आता काळजी नाही. बारा दिवस मी माझ्या हातानं टोचलं. परवा आजी गेल्या. डॉक्टरांनी बाटली बघितली." तिने पेटीचे झाकण उघडून मिटले. मग म्हणाली, "औषध वाटेतच गेलं होतं."

तेच शब्द. मी ते दोनदा ऐकले, एकदा उभा असताना आणि एकदा आडवा असताना. दादाने माझ्यावर हात टेकला. त्याचा अंगठा काहीतरी शोधत इकडेतिकडे फिरला आणि त्याला काचच लागत राहिली.

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. त्याने लपवाछपवी केली नाही. त्याच संध्याकाळी सगळ्या पेट्या परत मागवल्या, चूक माझी आहे असे स्वतःच्या सहीने लिहून कळवले. आजींच्या घरी तो एकटा गेला आणि तिथून परत आला तेव्हा जिना चढताना कठड्याला धरून चढला. पण गेलेला जीव परत येत नाही आणि उडालेला विश्वासही. संस्थेने पाठ फिरवली, मग मोठ्या पाहुण्यांनी. 'बरोबर आहे, सर' म्हणणारे सगळ्यात आधी गेले. मावशीने शेवटच्या दिवशी आपली कात्री पिशवीत घातली, माझ्या घोड्याला हात लावला आणि निघून गेली. पाऊसपाणी होऊन गारठा पडायच्या आत इमारत रिकामी झाली.

सामान न्यायला हमाल आले. काचेला लगेच गिऱ्हाईक मिळाले होते. दोघांनी ती उचलली आणि इतक्या वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला. चिठ्ठी तरंगत जमिनीवर पडली. दादा खिडकीपाशी उभा होता. त्याने ती उचलली, वाचली. काकांचे अक्षर बारीक होते आणि शब्द मोजकेच. 'तिसाव्या वेळी उजवा कोपरा सुटतो. दादा, थांबव.'

चिठ्ठीत त्यांनी साहेब लिहिले नव्हते.

दादा माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्याचा अंगठा बरोबर त्या खळग्यांवर गेला. मग त्याने बोटाच्या पेराने दोनदा ठोकले. टकटक.

आणि वाट पाहिली.

पूर्वी असे वाजले की चार खुर्च्या एकदम सरकायच्या. त्या रिकाम्या दालनात काहीच सरकले नाही. इतका केविलवाणा आवाज मी माझ्या अंगातून कधी ऐकला नव्हता. मी ऐकले, पण दरवाजाला उठून जाता येत नाही.

तेवढ्यात जिन्यात काहीतरी धाडकन खाली ठेवल्याचा आवाज आला. एक हमाल डोक्यावरची चुंबळ सावरत आला. म्हणाला, "बोलावलंत, साहेब?"

दादा त्याच्याकडे बघतच राहिला. "हातातलं टाकून आलात?"

"वाजलं म्हणून आलो. कपाट जिन्यात ठेवलंय."

"बसता का जरा?"

हमाल संकोचून माझ्या पलीकडे बसला. दादाने त्याला आईपासून सगळे सांगितले. शेवटी छोटीबद्दल सांगितले. तो म्हणाला, "तिला रोज फोन करतो. उचलत नाही." मग नेहमीसारखे, म्हणजे फार पूर्वी नेहमीसारखे, त्याने विचारले, "तुम्हाला काय वाटतं?"

हमाल म्हणाला, "मी काय सांगणार, साहेब? पण काच उचलताना मनात आलं, एवढं चांगलं लाकूड यांनी झाकून का ठेवलं?"

दादाने माझ्या फळ्यांवरून तळहात फिरवला. मग त्याने विचारले, "तुमच्या घराला दार आहे का?"

"खोलीला पडदा आहे."

"मग हे घेऊन जा."

चिठ्ठी घडी करून त्याने खिशात ठेवली, काकांच्या खिशात थर्मामीटर असायचा त्याच जागी, आणि पायऱ्या उतरून गेला. काकांच्या घरी गेला असेल, असे मी स्वतःला सांगतो. छोटीने कधी फोन उचलला का, ते मला ठाऊक नाही. दरवाजाला आपल्यासमोर घडते तेवढेच कळते.

आता मी हमालाच्या खोलीला उभा आहे. कडी पुन्हा उलट्याच बाजूला बसली आहे आणि या घरानेही सवय करून घेतली आहे. मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणी दुकान काढेल, कुणी कारखाना, कुणाच्या शब्दावर चार माणसे उठतील-बसतील. साहेब झालात तर खुशाल व्हा. पण तुमच्या टेबलावर दोनदा वाजेल तेव्हा आधी हातातले खाली ठेवा. ठोकणाऱ्याचे दर वेळी बरोबर असेलच असे नाही. चुकले तर खोली झाडून घ्या त्याच्याकडून. पण त्याला काच जपायला सांगू नका. तो एकदा निघून गेला की तुम्ही कितीही ठोकले तरी तो येत नाही. आणि माझ्यासारख्या जुन्या लाकडाला शोभेला ठेवू नका, त्यावर हात टेकवा, कोपर टेकवा, डाग पडू द्या.

काल हमालाची धाकटी मुलगी माझ्यासमोर जमिनीवर बसून खेळत होती. तिला ते दोन खळगे सापडले. दोन्हीत तिने एकेक बोट घातले आणि विचारले, "बाबा, हे काय आहे?"

"इथून कुणीतरी बोलवायचं," हमाल म्हणाला.

"मग कुणी यायचं का?"

हमाल जोडे काढत होता. हातातला जोडा त्याने खाली ठेवला.

"यायचे," तो म्हणाला. "आधी यायचे."